झेपेल तेवढंच ठरवा: बचतीच्या ध्येयाबद्दल पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

ही उत्तरं पगारावर किंवा रोजच्या कमाईवर घर चालवणाऱ्यांसाठी आहेत. उदाहरणांतले आकडे पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात असतात तसे धरले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशोबाची पद्धत तीच राहील. व्याजदर आणि नियम बदलत असतात, तेव्हा पैसे गुंतवण्याआधी बँकेत किंवा पोस्टात एकदा विचारून घ्या.

‘बचत करायची’ एवढं ठरवलं तर पुरत नाही का?

नाही पुरत. कशासाठी, किती आणि कधीपर्यंत हे तिन्ही ठरलं पाहिजे. ‘स्कूटर घ्यायची आहे’ ही नुसती इच्छा झाली. ‘पुढच्या पाडव्याआधी डाउन पेमेंटचे ३६,००० जमले पाहिजेत’ असं म्हटलं की हप्ता लगेच कळतो. हातात बारा महिने असतील तर महिन्याला ३,००० रुपये.

मग खरा प्रश्न विचारायचा: हे ३,००० माझ्याकडे उरतात का? उरत नसतील तर तारीख पुढे ढकला, रक्कम कमी करा किंवा दुसरं एखादं ध्येय वर्षभर थांबवा. आकडा तसाच ठेवून ‘बघू, जमवू काहीतरी’ असं मात्र म्हणू नका. पहिली ओढाताण झाली की ते ध्येय बारगळतं, आणि नंतर पुन्हा ठरवायचा हुरूपही राहत नाही.

पगाराच्या २० टक्के बाजूला टाकावेत असं सगळीकडे वाचतो. तेवढे जमलेच पाहिजेत का?

वाकडला भाड्याने राहून दोन मुलांची शाळा सांभाळणारा माणूस आणि सदाशिव पेठेत आईवडिलांच्या घरात राहून नोकरी करणारी मुलगी, दोघांचा पगार सारखा असला तरी दोघांना एकच टक्का कसा लागू होईल?

टक्क्यापासून सुरुवातच करू नका. गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा, यूपीआयचा इतिहासही त्यात आला पाहिजे. भाडं किंवा घराचा हप्ता, किराणा, दूध, वीज, गॅस, पेट्रोल, फी, औषधं हे एका बाजूला लिहा आणि बाकीचं सगळं दुसऱ्या बाजूला. दोन्ही वजा करून जे राहतं, सुरुवात तिथून. ते सहा टक्के असेल तर सहा टक्के. पगारवाढ झाली की वाढीव रकमेतले निम्मे बचतीकडे वळवायचे. टक्का वाढवायला हा रस्ता सगळ्यात कमी त्रासाचा आहे, कारण ते पैसे अजून खर्चाच्या सवयीत गेलेले नसतात.

महिनाअखेरीला काही उरतच नाही. मग ध्येय कसलं ठरवायचं?

महिनाअखेरीची वाट पाहू नका. पगार १ तारखेला होत असेल तर आवर्ती ठेवीचा, म्हणजे आरडीचा हप्ता २ किंवा ३ तारखेला आपोआप कापला जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. रक्कम ५०० रुपये असली तरी चालेल.

बचतीचं खातं पगाराच्या खात्यापासून वेगळं ठेवा आणि ते फोनमधल्या कुठल्याही यूपीआय ॲपला जोडू नका. चहाच्या टपरीवर स्कॅन करताना जे खातं समोर येतं, त्यातले पैसे टिकत नाहीत.

दरवेळी ठरवतो, चार-सहा महिने नीट चालतं आणि मग आरडी मोडावी लागते. कुठे चुकतं?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

मी काही वर्षं बँकेच्या काउंटरवर काम केलं. आरडी मोडायला येणारी माणसं उधळी नसायची. जूनमध्ये यायची ती शाळेच्या फीसाठी, श्रावण संपता संपता यायची ती गौरी-गणपतीसाठी आणि मग दिवाळीच्या तोंडावर. मोडण्याच्या फॉर्मवर कारण लिहिताना बहुतेक जण ‘अचानक खर्च’ असं लिहायचे. पण शाळा दर जूनला उघडते आणि गणपती दर भाद्रपदात येतात. हे खर्च अचानक येत नाहीत, ते महिन्याच्या हिशोबात धरलेले नसतात इतकंच. माझं ठाम मत आहे की बहुतेक घरांत बचत मोडते ती चैनीमुळे नाही, वर्षातून एकदाच येणाऱ्या अशा खर्चांमुळे. म्हणून पहिलं ध्येय घराचं किंवा गाडीचं नको, वर्षाच्या खर्चांचं हवं.

समजा, धायरीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारं चौघांचं कुटुंब आहे. सगळे मासिक खर्च आणि घराचा हप्ता जाऊन महिन्याला १४,००० उरतात असं त्यांना वाटतं. म्हणून त्यांनी १०,००० ची आरडी लावली. आता त्यांचे वर्षाचे खर्च मांडू: मिळकतकर ९,०००, जूनमधली फी, पुस्तकं आणि गणवेश २१,०००, उन्हाळ्यात गावी जाणं ९,०००, लग्नसराईतले आहेर आणि प्रवास ११,०००, आरोग्य विमा २२,०००, दोन दुचाकींचा विमा ४,०००, गौरी-गणपती ८,०००, दिवाळी २०,०००. बेरीज झाली १,०४,०००. बाराने भागलं तर महिन्याला ८,६६७.

म्हणजे त्यांच्याकडे खरे उरतात ते १४,००० नाहीत, सुमारे ५,३००. दहा हजारांची आरडी जूनमध्ये मोडणारच होती. त्यांनी ८,६६७ वर्षाच्या खर्चांच्या खात्यात टाकले आणि ५,००० ची आरडी लावली, तर ती वर्षभर तग धरते. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाअखेर हातात सुमारे ६२,००० येतात.

हे वर्षाच्या खर्चांचं खातं कधी सुरू करावं?

दिवाळी आटोपली की लगेच, नोव्हेंबरच्या पगारापासून. वरच्याच उदाहरणात नोव्हेंबर ते मे असे सात हप्ते पडले की खात्यात ६०,६०० च्या वर जमतात. मिळकतकर साधारण मेअखेरपर्यंत भरला तर सवलत मिळते, तो त्यातूनच भरून होतो. गावी जाणं, लग्नाचे आहेर आणि शाळा धरून ५०,००० गेले तरी दहा हजारांच्या वर शिल्लक राहते. जून ते ऑक्टोबरच्या पाच हप्त्यांत गणपती, विम्याचे हप्ते आणि पुढची दिवाळी निघते.

जानेवारी-फेब्रुवारीत सुरुवात केलीत तर पहिल्या जूनला पैसे कमी पडतील. ती तूट बोनसमधून भरा किंवा पहिलं वर्ष फक्त याच खात्याला द्या. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. एक जून कुणापुढे हात न पसरता पार पडला की पुढचं सगळं सोपं वाटतं.

अडीअडचणीसाठी किती ठेवावेत? सहा महिन्यांचा पगार म्हणतात, तो आकडा बघूनच दडपण येतं.

पगार धरूच नका, आवश्यक खर्च धरा. नोकरी गेली तर बाहेरचं जेवण आणि सिनेमा थांबतो. भाडं, हप्ता, किराणा, फी आणि औषधं थांबत नाहीत. महिन्याचा असा खर्च ३०,००० असेल तर पहिला टप्पा ३०,०००, दुसरा ९०,०००. पहिला टप्पा गाठायला वर्ष लागलं तरी हरकत नाही.

चाकणला कंत्राटी कामावर असाल, हिंजवडीत प्रोजेक्ट संपला की बेंचवर बसावं लागत असेल किंवा गावाकडे आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील, तर तीनऐवजी सहा महिन्यांचा खर्च धरा. हे पैसे बचत खात्यात किंवा कधीही मोडता येईल अशा मुदत ठेवीत असावेत. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याज थोडं कमी मिळतं, ते सोसा. घरात कुणाचा आरोग्य विमा नसेल तर हा निधी एकाच दवाखान्यात संपेल, म्हणून विम्याचा हप्ता आधी.

आधी कर्ज फेडू की बचत करू?

कुठलं कर्ज, त्यावर आहे. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली की महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, वर्षाला ते चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं. मुदत ठेवीवर सहा-सात टक्के मिळतात. एकीकडे कार्डाची थकबाकी आणि दुसरीकडे आरडी असा प्रकार असेल तर आरडी थांबवा, दहा-पंधरा हजार हाताशी ठेवा आणि बाकी सगळं कार्डात भरा. मोबाइल ॲपवरून घेतलेल्या झटपट कर्जांचंही तेच. त्या वर्षीचं तुमचं ध्येय ‘कार्ड शून्य’ हेच.

गृहकर्जाचं तसं नाही. ते चालू ठेवून बचत करा. तरंगत्या, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक व्यक्तीला दंड लावू शकत नाही, त्यामुळे कधी मोठी रक्कम हाती आली तर मुद्दल कमी करता येतं.

पैसे ठेवायचे कुठे?

कधी लागणार आहेत ते आधी बघा.

वर्ष-दोन वर्षांत लागणार असतील तर बँकेची आरडी किंवा मुदत ठेव. बँकेची आरडी सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंत करता येते. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते. या व्याजावर कर लागतो, हे लक्षात असू द्या.

दहा-पंधरा वर्षांनी लागणार असतील तर पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी. वर्षाला कमीत कमी ५००, जास्तीत जास्त दीड लाख, मुदत पंधरा वर्षं. महिन्याच्या ५ तारखेनंतर खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल त्यावर व्याज धरतात, म्हणून हप्ता ५ तारखेच्या आत भरा. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं २५० रुपयांत उघडता येतं. पैसे पंधरा वर्षं भरायचे, खातं एकवीस वर्षांनी पूर्ण होतं आणि मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

शेअर बाजारातल्या म्युच्युअल फंडांची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं, लांबच्या ध्येयासाठी चांगली आहे. पण पुढच्या जूनची फी त्यात ठेवू नका. बाजार पडलेला असताना पैसे काढायची वेळ येते ती अशाच ध्येयांवर.

लांबच्या ध्येयाचा आकडा ठरवताना महागाई धरा. ज्या शिक्षणाला आज ५ लाख लागतात, त्याला सहा टक्के महागाईने दहा वर्षांनी सुमारे ९ लाख लागतील.

सहकारी बँक आणि पतसंस्था जास्त व्याज देतात. तिथे ठेवावेत का?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सहकारी बँकेतल्या ठेवींना राष्ट्रीयीकृत बँकेसारखंच ठेव विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत ५ लाख रुपये आहे, त्याआधी १ लाख होती. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या नावावरच्या ठेवी एकत्र धरल्या जातात. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही.

पुणेकरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये. १९१२ साली सुरू झालेल्या पुण्यातल्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना रद्द झाला. मधली सगळी वर्षं निवृत्तांचे पैसे अडकून होते. ठेव विम्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले तर विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची तरतूद झाली, ही मोठी सुधारणा आहे.

माझा सल्ला साधा आहे: एका बँकेत व्याजासकट ५ लाखांच्या आत राहा, आणि अडीअडचणीचा निधी पतसंस्थेत ठेवू नका, व्याज कितीही असो.

आमच्या सोसायटीत भिशी आहे. ती बचत धरायची का?

बारा जणी, प्रत्येकी महिन्याला २,०००. दर महिन्याला एकीला २४,००० मिळतात. व्याज काही नाही, पण लोकलाजेस्तव हप्ता चुकत नाही, आणि शिस्त लागायला ही मोठीच मदत आहे. मिक्सर, फ्रिज, मुलीची सायकल अशी कितीतरी खरेदी या भिशीतूनच झाली आहे.

जोखीम शेवटच्या नंबरांना असते. आधी पैसे उचललेल्या कुणी पुढचे हप्ते बुडवले तर त्यांचं नुकसान. म्हणून वर्षानुवर्षं ओळखीच्या माणसांचीच भिशी करा आणि रक्कम अशी ठेवा, की बुडाली तरी घर हलणार नाही. बोली लावून पैसे उचलायच्या लिलाव भिशीपासून लांब राहा. तिथे गरजू माणूस मोठी सूट देऊन पैसे उचलतो, म्हणजे ते महागडं कर्जच झालं.

पाडव्याला, दसऱ्याला सोनं घेतो. ती बचतच ना?

दागिना घालायला घेत असाल तर आनंदाने घ्या, पण त्याला बचतीचं ध्येय म्हणू नका. एक लाखाच्या सोन्यावर १२ टक्के घडणावळ धरली आणि ३ टक्के जीएसटी, तर दुकानात सुमारे १,१५,००० द्यावे लागतात. विकायला गेलात तर सोन्याचा भाव मिळतो, घडणावळ आणि कर परत मिळत नाही. मुलीच्या लग्नासाठी साठवायचं असेल तर वेढणी किंवा नाणं घ्या आणि दागिना लग्नाच्या वेळी घडवा. हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी हा ओळख क्रमांक बघूनच घ्या, पावती जपून ठेवा.

पुण्यात फ्लॅट घ्यायचाय. डाउन पेमेंटचं ध्येय किती ठरवू?

लोक बहुधा २० टक्के धरतात आणि तिथेच फसतात. पुणे महापालिका हद्दीत ६० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरू. ३० ते ७५ लाखांच्या टप्प्यात बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते, म्हणजे तुमचे १२ लाख. मुद्रांक शुल्क ७ टक्के, ४ लाख २० हजार. खरेदीदार फक्त महिला असेल तर १ टक्का कमी, म्हणजे ६० हजारांची बचत. नोंदणी शुल्क ३० हजार. बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी, ३ लाख. एकूण साडेएकोणीस लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पैसे कर्जात धरले जात नाहीत, ते खिशातूनच जातात.

पाच वर्षांत हे जमवायचं तर व्याज न धरता महिन्याला ३२,५०० होतात. तुमच्याकडे १५,००० उरत असतील तर हे ध्येय आज झेपणारं नाही, आणि ते मान्य करण्यात काही वाईट नाही. मुदत आठ वर्षं करा, बाणेरऐवजी मोशी किंवा नऱ्हे बघा, किंवा भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट घ्या, त्यावर जीएसटी लागत नाही. डाउन पेमेंटसाठी वैयक्तिक कर्ज मात्र काढू नका. दोन हप्ते एकदम सुरू होतात आणि पहिल्याच जूनमध्ये घर जड जातं.

माझी रिक्षा आहे. कमाई रोज वेगळी, मग हप्ता कसा ठरवू?

गेल्या वर्षातला सगळ्यात कमी कमाईचा महिना घ्या आणि त्यात झेपेल तेवढाच हप्ता ठरवा. चांगल्या महिन्यातले जादा पैसे वर्षाच्या खर्चांच्या खात्यात टाका. तुमच्या यादीत रिक्षाचा विमा, पासिंग आणि टायर हेही आलेच.

रोजची कमाई असेल तर पिग्मीही, म्हणजे एजंट रोज थोडे थोडे पैसे गोळा करतो ती ठेवही चालते. रोज १०० रुपये दिले तर महिन्याला ३,००० होतात. पिग्मी बँकेची आहे की पतसंस्थेची ते आधी विचारा, आणि एजंटाकडून रोजच्या रोज पावती किंवा मेसेज घ्या. व्याज कमी असतं, म्हणून दर वर्षी रक्कम काढून मुदत ठेवीत टाका.

हप्ता चुकला तर?

चुकला म्हणून खातं बंद करू नका. पोस्टाच्या आरडीत दर १०० रुपयांच्या हप्त्याला महिन्याला १ रुपया दंड असतो. लागोपाठ चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं, तरी पुढच्या दोन महिन्यांत थकलेले हप्ते भरून ते पुन्हा सुरू करता येतं. बँकांचा दंडही साधारण असाच किरकोळ असतो.

पण सहा महिन्यांत दोनदा हप्ता चुकला असेल तर हप्ता मोठा आहे असं समजा. चालू आरडीचा हप्ता सहसा बदलता येत नाही, म्हणून पुढची आरडी लावताना ५,००० च्या एका आरडीऐवजी २,०००, २,००० आणि १,००० अशा तीन लावा. अडचण आलीच तर एक मोडायची, दोन चालू राहतात. तिन्हींवर नॉमिनीचं नाव घातलंय ना, ते पासबुक हातात घेऊन त्याच दिवशी बघून घ्या.